बंदरापलीकडची रम

क्रूझच्या जहाजावर दारूची वाण कधीच नसते. पोहण्याच्या तलावापाशी बार, नाचाच्या दालनात बार, जेवणघराच्या दारात बार. पण त्या बारमागच्या बाटल्या पाहून जहाज जगाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगता येत नाही. जहाज हिंद महासागरातल्या एखाद्या उसाच्या बेटाला लागलेले असते आणि काउंटरवरची रम बहुतेक वेळा कॅरिबियनची असते. जहाज कंपन्या आपला माल ठरलेल्या पुरवठादारांकडून एकगठ्ठा घेतात. एखाद्या बेटावर वर्षाला थोडीशीच निघणारी आणि तिथेच संपणारी दारू त्या हिशेबात बसत नाही.

ती हवी असेल तर उतरावे लागते, आणि उतरल्यावर वेळ थोडा असतो. सकाळी आठच्या सुमारास जहाज लागते, संध्याकाळी पाच-सहाला सुटते, आणि सुटण्याच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी वर आलेले असावे असा नियम. दुसरा नियम बाटलीचा. किनाऱ्यावर घेतलेली बाटली गँगवेवरच सुरक्षा कर्मचारी ठेवून घेतात, तिला खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावतात, हातात पावती देतात आणि प्रवासाच्या शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या दिवशी ती परत करतात. बहुतेक कंपन्यांचा रिवाज हाच आहे. तेव्हा चव घ्यायची ती बेटावरच. बाटली घरासाठी.

आपल्या लोकांनी हा शोध कॅरिबियनमध्ये न घेता हिंद महासागरात घ्यावा असे माझे मत आहे. पोर्ट लुईहून सुटून रियुनियन, मादागास्करचे नोसी बे आणि सेशेल्स अशा फेऱ्या थंडीच्या दिवसांत होतात. मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे. पण सोय हे माझे खरे कारण नाही. या बेटांवरची रम ज्या उसाची, तो ऊस लावणाऱ्या आणि तोडणाऱ्या हातांत आपल्याकडचे हात होते.

पोर्ट लुई बंदराच्या काठावर, क्रूझ टर्मिनलपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, आप्रवासी घाट आहे; भारतातून करारावर आलेले मजूर इथे उतरत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला पोहोचले. त्यानंतर १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर या बेटावर आली. आपण त्यांना गिरमिटिया म्हणतो. बहुतेक जण बिहारचे, कलकत्त्याहून निघालेले. त्याखालोखाल मद्रासहून आलेले तमिळ आणि तेलुगू. एक प्रवाह मुंबई बंदरातून निघाला. त्यात रत्नागिरीकडची माणसे होती, घाटावरची होती. करार पाच वर्षांचा. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथल्या मळ्यांचा कायदेशीर दस्तूर होता. आपल्या ऊसतोड टोळ्यांच्या उचलीचा हिशेब ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या वाक्याला टीप लागणार नाही.

बेटाच्या पश्चिमेला कास्कावेल नावाचे गाव आहे. मॉरिशसमधल्या मराठी वस्तीचे ते एक जुने ठिकाण. तिथे गणपती बसतो, झाकरी होते. झाकरी म्हणजे कोकणातले आपले जाखडी नृत्यच. गणेश चतुर्थीला तर अख्ख्या देशाला सुट्टी असते. गावाभोवती मेदीन या साखर इस्टेटीचा ऊस पसरलेला आहे, आणि मेदीनची डिस्टिलरी १९२६ पासूनची आहे. मराठी वस्ती आणि रमची भट्टी इतकी शेजारी-शेजारी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता रमविषयी. उसापासून दारू दोन रस्त्यांनी निघते. साखर काढून उरलेल्या मळीपासून निघते, तशी सरळ उसाच्या रसापासूनही. आपल्या साखर कारखान्यांशेजारच्या डिस्टिलऱ्या मळीवर चालतात आणि जगातली बरीचशी रमही मळीचीच असते. मॉरिशसमध्ये रसाची रम गाळायला बंदी होती. ऊस साखरेसाठी, उरलेली मळी दारूसाठी, असा बेटाचा नियम होता, कारण साखर युरोपात हमीभावाने जात होती. मग युरोपीय संघाने आपले साखरधोरण बदलले. २००६ पासून काही वर्षांत हमीभाव ३६ टक्क्यांनी खाली आणला गेला आणि बेटावरच्या इस्टेटींना उसाचे दुसरे काहीतरी करणे भाग पडले. २००६ मध्येच कायदा बदलला आणि रसाची रम गाळायला परवानगी मिळाली. शामारेलची डिस्टिलरी २००८ मध्ये सुरू झाली. उत्तरेला लाबूर्दोने आणि दक्षिणेला सेंत ओबें या जुन्या इस्टेटी याच वाटेने गेल्या. साखरेचे दर पडले नसते तर या बाटल्या जन्मालाच आल्या नसत्या.

रसाच्या रमला हिरवा वास असतो. नुकत्याच तोडलेल्या कांडीचा आणि ओल्या पाचटाचा. गुऱ्हाळाजवळून जाताना येतो त्याचा धागा त्यात सापडतो, पण गोडी नसते. साखर आंबताना संपलेली असते. मळीची रम गुळाकडे झुकते, ही उसाच्या शेताकडे. ऊस तोडला की रस लगेच आंबू लागतो, म्हणून तोडणीनंतर तो तासांतच गाळावा लागतो. मळी वर्षभर टाकीत साठवता येते, रस साठवता येत नाही. रसाची रम त्यामुळे हंगामापुरतीच गाळली जाते आणि थोडीच निघते. ती दुर्मिळ असण्याचे मूळ इथे आहे.

चवघर म्हणून पर्यटकांसाठी जे दालन असते, तिथे वॅनिला, कॉफी, संत्रे घातलेल्या गोड बाटल्या पुढे केल्या जातात. त्या चवीला वाईट नसतात, पण त्यात रस झाकला जातो. मागायची ती पांढरी, काहीही न घातलेली, ५० टक्क्यांच्या आसपासची. गाळणाऱ्याचे कसब त्या बाटलीत उघडे पडते. चांगली असेल तर घशाला जळजळ कमी लागते आणि घोट गेल्यावर गवताचा वास तोंडात राहतो. लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरलेल्या रमचा भाव जास्त असतो आणि ती मुंबईच्या विमानतळावरही दुसऱ्या कुठल्या तरी नावाने भेटते. पांढरी भेटत नाही.

आणि एक बाटली डिस्टिलरीबाहेरची. मॉरिशसचा कामगार संध्याकाळी जी रम पितो ती गुडविल नावाची साधी पांढरी मळीची रम. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तिच्याबरोबर बेटावर ज्याला ‘गाजाक’ म्हणतात तो चखणा असतो: तळलेले मासे, भजी, कैरी किंवा अननसाच्या फोडींवर मीठ-मिरची. या दुकानांत पर्यटक जात नाहीत, कारण त्यांना ती दिसतच नाहीत. टर्मिनलची टॅक्सी त्यांना घेऊन सरळ पाचूच्या रंगाच्या समुद्राकडे जाते. मी म्हणेन, शामारेलला जायला वेळ नसेल तरी चालेल, पण एका दुकानात उभे राहून लोक काय मागतात ते पाहा.

वेळेचे गणित असे. शामारेल बेटाच्या नैर्ऋत्येला डोंगरात आहे. जाऊन-येऊन आणि पाहून अर्ध्याहून जास्त दिवस जातो. लाबूर्दोने मात्र पोर्ट लुईच्या उत्तरेला मापू गावी, तासाच्या आत. उत्तरेकडच्या बस आप्रवासी घाटाला लागून असलेल्या स्थानकातूनच सुटतात. जुनी आंबा-लिचीची बाग, मळेवाल्यांचा वाडा आणि डिस्टिलरी असे सगळे तिथे एकाच आवारात आहे. जहाजाकडून घेतलेली सहल महाग पडते, पण त्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते. स्वतः गेलेल्यासाठी थांबत नाही. लांबच्या जागेसाठी जहाजाची सहल, जवळच्या जागेसाठी बस, असे मी ठरवून टाकले आहे.

रात्रीच्या प्रवासाने रियुनियन येते. फ्रान्सचा भाग असलेले हे ज्वालामुखीचे बेट. इथे गुलामगिरी २० डिसेंबर १८४८ रोजी संपली आणि सुमारे ६२ हजार माणसे मोकळी झाली. तो दिवस इथे आजही सणासारखा साजरा होतो. त्यानंतर उसाच्या मळ्यांवर भारतातून मजूर आणले गेले, प्रामुख्याने तमिळ मुलखातून. त्यांच्या वंशजांची रंगीत गोपुरांची देवळे उसाच्या शेतांच्या कडेने दिसत राहतात.

मला विचाराल तर या सगळ्या फेरीतली सर्वांत देखणी दारू रियुनियनमध्ये मिळते, आणि तिचे खरे रूप दुकानात मिळत नाही. तिचे नाव ऱ्हम आरांजे. पांढऱ्या रममध्ये फळे, साली, पाने, मुळे, बिया घालून महिनोन् महिने मुरू द्यायची. घराघरात तिच्या बरण्या असतात. लोणच्याच्या बरण्यांसारख्याच त्या ओळीने मांडलेल्या, झाकणावर भरल्याची तारीख लिहिलेली, आणि प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे. वॅनिलाच्या शेंगा, आले, दालचिनी, अननस, लिची, आणि कोंबावा. कोंबावा म्हणजे सुरकुतलेल्या सालीचे एक उग्र वासाचे लिंबू. बाटलीत भरून लेबल लावलेली ऱ्हम आरांजेही विकायला असते, पण ती घाईत तयार केलेली आणि जास्त गोड. खरी प्यायची तर जेवणघरात. इथल्या साध्या, घरगुती जेवणाच्या खानावळीत काउंटरवर मालकाच्या हातच्या बरण्या मांडलेल्या असतात आणि जेवणानंतर छोट्या ग्लासात ती देतात. भात, घेवडा, मसाल्याची कारी आणि तिखट रुगाय हे जेवण मराठी जिभेला परके वाटत नाही. त्यानंतर कुठल्या बरणीतली द्यायची हे मालकावर सोपवावे. विचारले की तो प्रत्येक बरणीत काय आहे ते सांगतो, आणि ते ऐकताना बेटाची बाग डोळ्यांपुढे येते.

या बरण्यांतल्या वॅनिलाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. वॅनिला मूळची मेक्सिकोची. दुसऱ्या मुलखात वेल फुले, पण शेंग धरत नसे, कारण परागीभवन करणारा कीटक तिथे नव्हता. १८४१ मध्ये रियुनियनवरच्या एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून हाताने फूल फळवायची युक्ती शोधली. आज जगभर वॅनिला याच पद्धतीने पिकते. स्वातंत्र्यानंतर त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले. शोधाचा पैसा त्याला मिळाला नाही. तो गरिबीतच गेला. रियुनियनच्या घरातली वॅनिला घातलेली रम पिताना हे नाव उच्चारले जावे, असे मला मनापासून वाटते.

बरणीत ओतायची रम कुठली? बेटाची रोजची रम शारेत, ४९ टक्क्यांची. तिच्या लेबलवर उसाने लादलेली बैलगाडी आहे. सुपरमार्केटमध्ये तिची लिटरभर बाटली जहाजावरच्या एखाद-दुसऱ्या कॉकटेलच्या पैशांत येते. बेटावर तीन डिस्टिलऱ्या आहेत: पूर्वेला सेंत आंद्रेजवळ सावाना, सेंत बनुआला रिव्हियेर द्यु मा, आणि दक्षिणेला सेंत पिएरला इझोतिए. इझोतिए घराण्याची सुरुवात १८४५ ची. तिथेच रमचे संग्रहालय आहे, पण बंदरापासून दूर. सावाना बंदराच्या बाजूने जवळ पडते, आधी वेळ घेऊन जावे लागते. तिथे एक विशेष प्रकार तयार होतो. मळीत आधीच्या ऊर्ध्वपातनातले उरलेले आंबट पाणी घालून ती बरेच दिवस आंबवतात. त्यातून निघणाऱ्या रमला पिकून काळ्या पडलेल्या अननसाचा, ऑलिव्हच्या खाऱ्या पाण्याचा असा दणदणीत वास असतो. पूर्वी ती युरोपात इतर दारूत वास आणायला थेंबाथेंबाने मिसळली जाई. नुसती प्यायला ती अवघड आहे. पहिल्याच घोटात आवडेल असे मी म्हणणार नाही. पण रमचे शौकीन तिच्यासाठी खंड ओलांडून येतात.

जहाज शुक्रवारी किंवा शनिवारी लागत असेल तर सेंत पोलचा समुद्रकाठचा बाजार चुकवू नका. तिथे ऱ्हम आरांजेसाठी सुक्या मसाल्यांच्या तयार पुड्या मिळतात. वजन नाही, फुटायची भीती नाही आणि गँगवेवर कोणी ठेवून घेत नाही. फक्त फाहाम नावाच्या रानटी ऑर्किडची पाने त्यात असतील तर ती घेऊ नका. हे ऑर्किड मॉरिशस आणि रियुनियनच्या जंगलांतच उगवते, त्याच्या पानांना बदामासारखा गोड वास असतो, आणि रमसाठी ओरबाडल्याने ते जंगलात दुर्मिळ झाले आहे. दुर्मिळ दारूच्या शोधात दुर्मिळ झाड संपवायला आपण हातभार लावू नये.

नोसी बेला जहाज खोल पाण्यात थांबते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. दिवस लहान होतो. इथली नोंदणीकृत रम झामा, बेटावरच्या झामान्झार या ऊसगाळपाच्या गावावरून नाव घेतलेली, वॅनिलाच्या वासाची. ती निर्धास्त घ्यावी. पण किनाऱ्यावर कोणी ना कोणी कानाशी येऊन तोआका गासी विचारतो. ही गावठी. लोखंडी पिंपांत, जंगलाच्या आडोशाने गाळलेली, बेकायदा. पहिल्या धारेची म्हणून तिचे कौतुक सांगितले जाते. घेऊ नका. मिथेनॉल नाकाला कळत नाही, आणि जहाजावरचा दवाखाना त्याच्याशी झुंजायला सज्ज नसतो. मादागास्करच्या लोकजीवनात मात्र रमला मान मोठा आहे. पूर्वजांना तिचा पहिला शिडकावा दिला जातो, आणि पूर्वजांचा कोपरा म्हणजे घराचा ईशान्य कोपरा. आपले देवघरही आपण ईशान्येलाच शोधतो.

सेशेल्सला, माहे बेटावर, व्हिक्टोरिया बंदराच्या दक्षिणेला ताकामाका नावाची डिस्टिलरी आहे. २००२ मध्ये दोन भावांनी काढलेली, आता १७९२ च्या जुन्या मळ्याच्या आवारात चालणारी. टॅक्सीने चटकन पोहोचता येते, फेरफटकाही नीट दाखवतात. तिच्या बाटल्या मात्र बेटाबाहेरही मिळतात, त्यामुळे आपल्या शोधात ती थोडी मागे पडते.

सेशेल्सची जी दारू कुठल्याच जहाजावर, कुठल्याच विमानात चढू शकत नाही ती कालू. माडाच्या पोयीला छेद देऊन टिपलेला रस. सकाळी गोड, दुपारी आंबट-फेसाळ, संध्याकाळी कडक, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. वाचकांनी ओळखलेच असेल: ही आपली माडीच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भंडारी समाजाने आणि गोव्यात रेंदेरांनी पिढ्यान्पिढ्या जे काम केले, तेच इथले कालूवाले करतात. माड छेदायला आपल्याकडच्यासारखाच परवाना लागतो, आणि आपल्याकडच्यासारखीच माडावर चढणारी तरुण मुले कमी होत आहेत. उसाचा रस आंबवून केलेली बाका नावाची दुसरी एक घरगुती दारू आहे; तीही अशीच अल्पायुषी. या दोन्ही गोष्टी पर्यटक कचेरीच्या पत्रकात शोधू नयेत. टॅक्सीवाल्याला सकाळीच सांगावे, घाई करू नये, आणि मिळालीच तर दुपारच्या आत प्यावी.

काजूचा हुर्राक ज्यांनी गोव्यात उन्हाळ्यात प्यायला आहे, त्यांना हे वेगळे समजावावे लागत नाही. हुर्राक हंगामापुरता असतो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तिची वाट अजून बिकटच आहे. मुरगाव बंदराला लागणाऱ्या परदेशी जहाजांतले प्रवासी गोव्यात उतरतात आणि फेणीची शोभेची बाटली घेऊन परत जातात. गावातली भट्टी त्यांना कोणी दाखवत नाही. आपण बाहेर गेल्यावर ज्या गोष्टीसाठी धडपडतो, ती आपल्या बंदरात उतरणाऱ्याला सहज मिळावी यासाठी गोव्याने आणि कोकणाने काही करायला हवे. परवानाधारक भट्ट्यांच्या हंगामी सहली, नीट माहिती सांगणारी गावातली माणसे, आणि बाटलीवर गाव व गाळल्याचा महिना. यात अशक्य असे काही नाही.

परतीचे नियम कोरडे आहेत, पण ते माहीत नसल्याने चांगल्या बाटल्या विमानतळावर राहतात. भारतात येताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. सामानात २४ ते ७० टक्क्यांच्या दारूला माणशी पाच लिटरची मर्यादा आहे आणि बाटली दुकानातून आली तशी सीलबंद हवी. ७० टक्क्यांच्या वरची विमानात चालतच नाही. वाटेत विमान बदलायचे असेल तर बाटली हातात न ठेवता कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकावी. माझ्या हिशेबाने त्या दोन लिटरांत दोनच गोष्टी बसवाव्यात: मॉरिशसची रसाची पांढरी रम आणि रियुनियनची शारेत. दुसरीत घरी वॅनिलाची एक शेंग उभी चिरून, आल्याचा तुकडा आणि थोडी साखर घालून बरणी बंद करावी आणि किमान तीन महिने झाकण उघडू नये.

शेवटी महिन्याबद्दल. या बेटांवर ऊसतोड जून-जुलैत सुरू होते आणि डिसेंबरात संपते. आपल्या गाळप हंगामाच्या जवळपास उलट. क्रूझच्या फेऱ्या नोव्हेंबर-डिसेंबरापासून पुढे असतात. जानेवारीनंतर गेलात तर चरक थांबलेले असतात, रसाची भट्टी थंड असते आणि चक्रीवादळांचे दिवस सुरू असतात. नोव्हेंबरची किंवा डिसेंबरच्या सुरुवातीची फेरी मिळाली तर तीच घ्या: ऊस गाडीतून उतरताना दिसेल आणि बाजारात लिची आलेली असेल. आणि पोर्ट लुईला उतरलात की डिस्टिलरीची बस पकडण्याआधी आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या पाहून या. घाट रविवारी बंद असतो; एरवी आत जायला तिकीट लागत नाही.